वाचकांचे प्रश्न : तुर्कांनी वाट अडवली म्हणून?

प्रश्न : १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, भारताची वाट बंद झाली, म्हणून युरोपीय समुद्रात उतरले, असं शाळेत शिकलो. खरं आहे का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : सनावळ्या जुळत नाहीत. पोर्तुगालने मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउता घेतलं १४१५ मध्ये. त्यांचा खलाशी जिल इयानिश पश्चिम आफ्रिकेच्या बोजादोर भूशिरापलीकडे गेला १४३४ मध्ये. मिरीही बंद झाली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती इजिप्तच्या मामलुक सुलतानाच्या अलेक्झांड्रिया आणि बैरूत बंदरांत घेत. तुर्कांनी इजिप्त जिंकला १५१७ मध्ये, वास्को द गामा कालिकतला येऊन गेल्यावर.

पोर्तुगीजांना आधी हवं होतं सोनं. पश्चिम आफ्रिकेचं सोनं उंटांच्या तांड्यांनी सहारा ओलांडून उत्तरेला येई. ते समुद्रमार्गे थेट मुळाशी गाठायचं होतं. मुसलमान सत्तांविरुद्धच्या धर्मयुद्धाची ओढही होतीच. आणि माणसांचा व्यापार : ऑगस्ट १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागुश बंदरात पकडून आणलेल्या २३५ आफ्रिकी माणसांची वाटणी झाली, आयांपासून मुलं तोडून. शोधांचं युग शिकवताना हे गाळणं चूक आहे. १४८२ मध्ये आजच्या घानात मिना किल्ला बांधला, तोही सोन्यासाठीच.

खरी अडचण परतीची होती. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वारा बहुतेक ईशान्येचा. जाताना पाठीशी, येताना तोंडावर. कॅरावेल या त्यांच्या छोट्या जहाजाचं त्रिकोणी शीड फिरवून नागमोडी वाटेने वाऱ्यावर चढता येई, पण त्यात दिवस मोडत आणि पिण्याचं पाणी संपे. उपाय उलटा निघाला : किनारा सोडून वायव्येला भर समुद्रात शिरायचं, अझोर्स बेटांच्या आसपास पश्चिमी वारे धरायचे आणि घरी यायचं. ध्रुवतारा लिस्बनइतका, म्हणजे क्षितिजापासून साधारण ३९ अंश वर आला, की पूर्वेला वळायचं. ही युक्ती सापडली नसती तर नुसत्या सोन्याच्या हावेने कोणी फार दूर गेलं नसतं.

प्रश्न : गामा मालिंदीहून कालिकतला महिन्याच्या आत आला. मग परतताना तीन महिने का लागले? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून २४ एप्रिल १४९८ला निघाला, सोबत वाटाड्या होता आणि नैऋत्येचा वारा नुकता धरत होता. परतताना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर (आज ते गोव्यात आहे) जहाजांचे तळ साफ करून, पाणी भरून त्याने ५ ऑक्टोबरला समुद्र घेतला. नैऋत्येचा जोर सरलेला, ईशान्येचा वारा अजून बसलेला नाही. अरबी समुद्रातले जाणते खलाशी अशा वेळी थांबतात. कधी पडल्या वाऱ्यात, कधी उलट्या वाऱ्यात जहाजं रखडली. ताजं अन्न पोटात नसल्याने स्कर्व्ही पसरली : हिरड्या वाढून दातांवर चढल्या, पाय सुजले. ३० माणसं मेली. दर जहाजावर धडधाकट उरले सात-आठ. ७ जानेवारी १४९९ला मालिंदी लागलं, पण तीन जहाजांना माणसं पुरेनात, म्हणून पुढे त्यातलं ‘साँव राफाएल’ त्यांनीच जाळलं.