डिस्टिल्ड वॉटरमधल्या फुगण्यावर जाऊ नका

ताई, तुमचं ॲक्रिलिक ॲसिडचं जेल डिस्टिल्ड वॉटरमध्ये 300 पट फुगलं, पेशींच्या मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात) आक्रसलं, म्हणून आता धन प्रभाराचा मोनोमर (ज्याच्या कड्या जोडून जेलच्या साखळ्या बनतात तो रेणू) घ्यावा का, असं विचारलंत. माझं स्पष्ट मत : घेऊ नका.

ऋण प्रभाराच्या साखळ्यांसोबत सोडियमचे आयन जेलमध्ये अडकलेले असतात, ते पाणी आत ओढतात. बाहेर मीठ नसेल तर ही ओढ जबर. शरीरातलं पाणी मात्र साधारण 0.9 टक्के मिठाच्या पाण्यासारखं, तिथे ती ओसरते. शिवाय मीडियममधलं कॅल्शियम (डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये 1.8 मिलिमोलर) शेजारच्या कार्बॉक्सिलेटना, म्हणजे साखळीवरच्या ऋण गटांना, एकमेकांशी बांधून टाकतं. माझ्या भावानं रावेरला केळीच्या बागेत पाणी धरणारे जेलचे दाणे टाकले होते. माझ्या लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरात त्यांचे लाडवाएवढे गोळे व्हायचे, बोअरच्या पाण्यात ते भिजवलेल्या साबुदाण्यापुढे गेले नाहीत. आपल्या ठिबकच्या नळ्या चोंदवणारं कॅल्शियमच ते.

धन प्रभाराचा धोका वेगळा. पेशीचं आवरण बाहेरून ऋण असतं. धन साखळी त्याला चिकटते आणि फाडते. जंतू मरतात ते याच गुणामुळे, पण आपल्या पेशीही सुटत नाहीत. जाळ्यात न बांधलेल्या, पाझरणाऱ्या साखळ्या सगळ्यात वाईट.

त्यापेक्षा सल्फोबीटेन मेथॅक्रिलेट हा मोनोमर बघा. एकाच फांदीवर धन आणि ऋण दोन्ही, बेरीज शून्य. साध्या पाण्यात हे प्रभार एकमेकांना धरून बसतात, मिठात मोकळे होतात, म्हणजे तुमच्या जेलच्या अगदी उलट वागणं. प्रथिनंही फारशी चिकटत नाहीत. फक्त हे जेल लेचंपेचं असतं. मजबुती हवी असेल तर होक्काइदो विद्यापीठातल्या जियान पिंग गोंग यांच्या गटाची 2003 ची दुहेरी जाळ्याची युक्ती आहे : आधी प्रभारित पॉलिमरचं घट्ट, ठिसूळ जाळं, मग त्यात ॲक्रिलामाइडचं सैल जाळं.

पण ॲक्रिलामाइडचा उरलेला मोनोमर मज्जातंतूंना घातक आहे, तेव्हा धुण्यात कसूर नको. आम्ही आठवडाभर रोज पाणी बदलतो आणि धुतलेलं पाणी यूव्हीवर (अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजून) तपासतो. मोनोमरचा शोषणपट्टा दिसेनासा झाला की मगच जेल पेशींजवळ नेतो.

आत्ताच्या जेलचा एक तुकडा पीबीएसमध्ये (फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या पाण्यात), एक मीडियममध्ये ठेवा आणि दोन्हींचं 48 तासांनंतरचं वजन इथे टाका. साध्या पीबीएसमध्ये कॅल्शियम नसतं, त्यामुळे आक्रसण्यात मिठाचा वाटा किती आणि कॅल्शियमचा किती, याचा अंदाज येईल.