दहापैकी नऊ रात्री जिंकणारा माणूस

“हे जुगारी नाहीत, गणित करून खेळतात, आणि बहुतेक वेळा जिंकतातही, मग पैसे जातात कुठे?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे निरनिराळ्या रूपांत येतो. कधी तो पत्नी विचारते, कधी वडील, आणि क्वचित खेळणारा स्वतःच विचारतो. विचारणाऱ्याला एका वाक्यात उत्तर हवे असते. परंतु रुलेट, म्हणजे फिरत्या चक्रातला चेंडू कोणत्या आकड्याच्या किंवा रंगाच्या खान्यात थांबेल यावर पैसे लावण्याचा खेळ, “हा जुगारच आहे” एवढे सांगून घरातला वाद मिटत नाही, कारण खेळणाऱ्याकडे आकडे असतात आणि ते आकडे पुष्कळदा खरे असतात. म्हणून एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

पत्नी प्रथम एकटीच आली. पती शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तयार सुट्या भागांची मापे तपासण्याचे काम करतात, पगार वेळेवर घरी येतो, आणि “मॅडम, ह्यांना कसलंही व्यसन नाही, सुपारीसुद्धा खात नाहीत,” हे तिने दोनदा सांगितले. लग्नातल्या पाटल्या पतसंस्थेत सोनेतारण ठेवल्या आहेत, हे तिला नूतनीकरणाच्या नोटिशीवरून समजले. विचारल्यावर पतीने रागावून न बोलता लॅपटॉप उघडला आणि गेल्या वर्षभराचा तक्ता तिच्यापुढे ठेवला. त्यात रात्रीमागून रात्र जिंकल्याची नोंद होती. ती स्वतः वाणिज्य शाखेची पदवीधर असल्यामुळे तिला तक्ता वाचता येत होता. मात्र नफ्याचा तक्ता आणि गहाण सोने या दोन गोष्टी तिला एकत्र बसवता येत नव्हत्या.

पुढच्या भेटीला पती आले ते तोच तक्ता घेऊन. त्यांचे म्हणणे सरळ होते: मटका लावणारा नशिबावर खेळतो, आपण पद्धतीने खेळतो. ही पद्धत म्हणजे मार्टिंगेल, जिची चलती अठराव्या शतकातील फ्रान्सपासून आहे. लाल रंगावर 100 रुपये लावायचे. हरले तर 200, पुन्हा हरले तर 400, असे दुप्पट करत जायचे, आणि जेव्हा केव्हा लाल येईल तेव्हा आधीचे सगळे नुकसान भरून निघून वर 100 रुपये उरतात. मग पुन्हा 100 पासून नवा डाव. दुसरी पाळी सुटून घरी आल्यावर, जेवण उरकून, ते रोज असे वीस डाव खेळत आणि दोन हजार रुपये सुटले की मोबाइल बाजूला ठेवत. एवढी शिस्त जुगाऱ्याकडे असते का, असा त्यांचा मला प्रश्न होता.

अशा वेळी समुपदेशकाने गणितात शिरू नये, भावनांकडे वळावे, असे काही सहकारी मानतात. मला ते पटत नाही. ज्या माणसाचा सगळा आधार आकड्यांवर आहे, त्याचे आकडे बाजूला सारले तर त्याला आपण त्याचे ऐकूनच घेतले नाही असे वाटते, आणि ते वाटणे योग्यही असते. म्हणून आम्ही कागद घेतला.

युरोपीय चक्रावर 37 खाने असतात: 18 लाल, 18 काळे आणि एक हिरवे शून्य. लालवर पैसे लावणाऱ्याच्या बाजूने 18 खाने आणि विरुद्ध 19. पण जिंकल्यावर रक्कम मात्र शक्यता समसमान असल्याप्रमाणे दुप्पटच मिळते. एकाच आकड्यावर लावले तर एकाला पस्तीस मिळतात, वास्तविक तो आकडा 37 मधला एक असतो. कोठेही लावा, सरासरीने लावलेल्या रकमेचा सदतिसावा भाग, म्हणजे सुमारे 2.7 टक्के, चालकाकडे राहतो. अमेरिकी चक्रावर दोन शून्ये असल्याने हाच वाटा 5.26 टक्क्यांपर्यंत जातो. हे त्यांना माहीत होते. “पण दुप्पट करत गेल्यावर ते शून्य काय करणार?” असे ते म्हणाले.

त्यांनी आठ पायऱ्यांची तयारी ठेवली होती. 100 पासून 12,800 पर्यंतच्या आठ पायऱ्यांची बेरीज 25,500 होते. सलग आठ वेळा लाल न येण्याची शक्यता काढली तर ती सुमारे 207 डावांत एकदा येते. म्हणजे सरासरीने 206 डावांत प्रत्येकी 100 प्रमाणे 20,600 रुपये मिळणार आणि एका डावात 25,500 जाणार. रोज वीस डाव खेळणाऱ्याला दहापैकी नऊ रात्री काहीच वावगे दिसत नाही, कारण त्या रात्री तो खरोखरच जिंकलेला असतो. दहाव्या रात्री पंचवीस हजार जातात. तो खोटे बोलत नाही, त्याचा तक्ताही खोटा नसतो, आणि तरीही दर दहा रात्रींमागे सरासरी पावणेपाच हजारांच्या आसपास रक्कम कमी होत जाते. पत्नीच्या मूळ प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे, आणि ते तिच्यासमोर कागदावर आल्यावर तिने सुटकेचा श्वास सोडला. आपणच काहीतरी चुकीचे वाचत होतो, असे तिला तोपर्यंत वाटत होते.

पती मात्र गप्प झाले नाहीत. ते म्हणाले की सात वेळा काळा आल्यावर आठव्यांदा लालची शक्यता वाढलेली असते, म्हणून ही सरासरी आपल्याला लागू नाही. ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की तिच्याबद्दल कुणाला हसू नये. मोनॅको देशातील मॉन्टे कार्लो येथील कॅसिनोत 18 ऑगस्ट 1913 रोजी काळा रंग सलग 26 वेळा आला, आणि त्या वेळी टेबलाभोवतीचे लोक ‘आता लाल येणारच’ या खात्रीने वाढत्या रकमा लावून बुडाले. चक्राला मागची फेरी आठवत नाही. शिवाय टेबलावर कमाल रकमेची मर्यादाही असते. 100 पासून सुरुवात करणाऱ्याला 10,000 ची मर्यादा लागली, तर त्याची आठवी पायरी लावताच येत नाही आणि सातव्या पायरीलाच 12,700 रुपये गेलेले असतात.

मग त्यांनी इतर पद्धती पुढे केल्या. फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांच्या नावाने ओळखली जाणारी, हरल्यावर एक एकक वाढवून जिंकल्यावर एक कमी करण्याची पद्धत. फिबोनाचीच्या 1, 1, 2, 3, 5, 8 या मालिकेची. आणि आकड्यांची ओळ लिहून दोन्ही टोकांचे आकडे खोडत जाण्याची लाबूशेर पद्धत. प्रत्येकीवर आम्ही वेळ घालवला नाही. पैज कोणत्या क्रमाने लहानमोठी केली याने जिंकण्या-हरण्याच्या रात्रींची विभागणी बदलते, कुठे लहान नुकसान वारंवार होते तर कुठे मोठे क्वचित. पण एकूण लावलेल्या रकमेचा सदतिसावा भाग त्यातून सुटत नाही.

त्यांच्या तक्त्यात नेमका हाच रकाना नव्हता. रात्रीचा नफा होता, डावांची संख्या होती, पण एकूण किती रक्कम लावली याची बेरीज नव्हती. मी त्यांना ती करून आणायला सांगितली आणि सोबत आणखी एक गोष्ट विचारली, कारण तक्त्यातील बेरीज आणि बँकेतील शिल्लक यांत लाखाहून अधिक अंतर दिसत होते. तेव्हा त्यांनी त्याच फाइलमधले दुसरे पान दाखवले. मोठ्या नुकसानीच्या रात्री तेथे ‘अपवाद’ या मथळ्याखाली वेगळ्या ठेवल्या होत्या: त्या रात्री नेट अडखळले होते, झोप आली होती, एक पायरी चुकली होती. मी एवढेच विचारले की कारखान्यात मापात न बसलेला सुटा भाग ते तपासणीच्या नोंदवहीतून काढून ‘अपवाद’ म्हणून वेगळ्या वहीत लिहितात का. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “असं केलं तर ऑडिटला नोकरी जाईल, मॅडम.”

दोन्ही पाने एकत्र करून त्यांनी बेरीज आणली. वर्षभरात सुमारे 53 लाख रुपये चक्रावर लागले होते. तेच ते पैसे पुन्हा पुन्हा फिरत असल्याने एवढी मोठी रक्कम पगारदार माणसाच्या हातूनही लागू शकते. तिचा सदतिसावा भाग एक लाख त्रेचाळीस हजार होतो. प्रत्यक्ष तूट एक लाख साठ हजारांची होती. नशिबाने त्यांच्याशी विशेष वैर केले नव्हते. ही तूट भरून काढण्यासाठी त्यांनी पाटल्या गहाण ठेवून सुरुवातीची रक्कम 100 वरून 500 केली होती, आणि तीन आठवड्यांच्या आत एका रात्री आठही पायऱ्या हरून 1,27,500 रुपये गेले होते.

नुकसान भरून काढण्यासाठी आणखी खेळणे, रकमा वाढवत नेणे, लपवणे आणि त्यासाठी कर्ज काढणे ही जुगाराच्या विकाराची लक्षणे आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने 2013 मध्ये या विकाराला व्यसनांच्या गटात घेतले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणातही तो त्याच गटात आहे. पद्धत, शिस्त आणि तक्ता असला म्हणून माणूस या निदानातून सुटत नाही. माझ्या अनुभवात उलट घडते: बेहिशेबी खेळणाऱ्याला घरचे लवकर अडवतात, हिशेबी माणसाला सगळेच उशिरा अडवतात, आणि तो स्वतःला सर्वांत उशिरा. या गृहस्थांचे वडील एका बैठकीला आले होते. त्यांनी तरुणपणी गल्लीत मटक्यापायी घरे विकली गेलेली पाहिली होती. मुलाचे सगळे ऐकून ते म्हणाले, “आकडा लावणारा सोताला कधी खुळा समजत नसतोय. त्याच्याकडंबी चार्ट असतोय.” एरवी मी बैठकीत वडीलधाऱ्यांचे शेरे थांबवते, हा मी थांबवला नाही.

कर्ज उघड झाल्यानंतरचे दिवस धोक्याचे असतात. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारते, आणि असे विचारल्याने ते विचार मनात भरत नाहीत, हे कुटुंबालाही सांगते. त्यांना तसे विचार आले होते. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांची भेट त्याच आठवड्यात झाली, झोप आणि उदासीनतेवर औषध सुरू झाले, आणि रात्री-अपरात्री बोलण्यासाठी शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक घरातील दोघांच्या फोनमध्ये साठवून ठेवला. पोलिसांत प्रकरण जाईल ही भीतीही पत्नीला होती. ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. त्यातील शिक्षा खेळ चालवणारे, त्याची जाहिरात करणारे आणि त्यासाठी पैशांची ने-आण करून देणारे यांना आहे, खेळणाऱ्याला नाही, हे तिला समजावल्यावर ती नातेवाइकांशी मोकळेपणाने बोलू शकली.

त्यानंतरचे काम कंटाळवाणे होते आणि ते तसेच असते. पगाराचे खाते संयुक्त झाले, यूपीआयची दैनंदिन मर्यादा अगदी खाली आणली, झटपट कर्ज देणारी अॅप आणि परदेशी दुवे पाठवणारे गट फोनमधून गेले. दुसऱ्या पाळीनंतरचा तो एक तास रिकामा राहणार होता, म्हणून त्यांनी कारखान्यात विनंती करून काही महिने पहिली पाळी घेतली.

मधेच एक अडचण उभी राहिली. मित्रांची पणजीची सहल ठरली, आणि मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर खरे चक्र, खरा चेंडू डोळ्यांसमोर फिरतो, तेव्हा तेथे पद्धत चालेल, मोबाइलवर लबाडी होत असणार, असे त्यांच्या मनाने घेतले. मोबाइलवर लबाडी झालीही असेल, परंतु त्यांची तूट समजावून घ्यायला लबाडीची गरजच नव्हती. प्रामाणिक चक्रानेही जवळपास तेवढेच नेले असते, कारण सदतिसावा भाग प्रामाणिक चक्रातच आहे. हे मी सांगण्याआधी त्यांनीच स्वतःची बेरीज पुन्हा काढून पाहिली होती. सहलीला ते गेले नाहीत. मित्रांना त्यांनी खरे कारण सांगितले की काही निमित्त, हे मी विचारले नाही.

अशा घरांत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कर्ज आम्ही फेडून टाकावे का? येथे पतीचे सासरे भिशी उचलून सगळे एकरकमी मिटवायला तयार होते. मी त्यांना थांबण्याचा सल्ला दिला. एका दिवसात कोरी झालेली पाटी पुष्कळांना नव्याने खेळायला मोकळी करते. शिवाय मदत करायची असल्यास पैसे खेळणाऱ्याच्या हाती न देता थेट कर्ज देणाऱ्या संस्थेत भरावेत. त्यानुसार अधिक व्याजाची अॅपवरची कर्जे सासऱ्यांनी परस्पर फेडली, आणि सोनेतारण मात्र पतीकडेच ठेवले. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. त्यांचा हप्ता ते पगारातून भरतात, आणि त्याच जुन्या फाइलमध्ये, आता एकाच पानावर, त्याची नोंद करतात.