प्रोबेशनवरच्या सीनियर माणसाला चुका कशा सांगायच्या?

प्रश्न: मी युनिव्हर्सिटीत परीक्षा विभाग बघते. बाहेरून आलेले एक अधीक्षक माझ्या हाताखाली प्रोबेशनवर आहेत, अनुभव माझ्याहून जास्त, त्यामुळे काही बोलायला संकोच वाटतो. सहातले चार महिने गेलेत. काय करू?

उत्तर: ताई, संकोच समजतो, पण गप्प राहणं हा त्यांच्यावरच अन्याय आहे, कारण शेवटच्या आठवड्यात एकदम ‘जमलं नाही’ म्हटलं तर माणूस हादरतो आणि सुधारायला वेळच उरत नाही. याच आठवड्यात अर्धा तास दार लावून बसा, ‘काम स्लो आहे’ असं मोघम नको, उदाहरणार्थ ‘फेरतपासणीचे अर्ज टेबलावर ९ दिवस पडून होते’, असं नेमकं सांगा. आधी विचारा की सिस्टिमचं लॉगिन, सह्यांचे अधिकार त्यांना वेळेवर मिळाले का, बऱ्याचदा घोडं तिथंच अडलेलं असतं! ठरेल ते त्याच दिवशी ईमेल करा.

आणि हो, या चार महिन्यांत परीक्षेचा सीझन आलाच नसेल तर त्यांचं खरं काम तुम्ही पाहिलेलंच नाही, मग नियमात बसत असेल तर मुदतवाढ द्या, पण मुदत संपायच्या आधी, लेखी, कारणासकट.