फेरूलला धक्का न लावता पोलॅरिटी

अनेक आशीर्वाद.

तुझ्या फायबर कनेक्टरचं ड्रॉइंग पाहिलं. एलसी युनिबूट म्हणजे एकाच बुटात, म्हणजे मागच्या लवचिक आवरणात, दोन फायबर असलेला जोड कनेक्टर. त्याची पोलॅरिटी, म्हणजे कुठला फायबर पाठवणारा आणि कुठला घेणारा हे, हत्याराशिवाय, जागच्या जागी बदलता यावं, ही कल्पना नवी नाही. बाजारात ती निदान तीन तऱ्हांनी केलेली आहे. मात्र प्रत्येक तऱ्हेत काही ना काही गहाण पडलेलं असतं आणि काय गहाण पडलंय ते कॅटलॉगात छापत नाहीत. लॅचचा, म्हणजे कनेक्टर अडकवणाऱ्या खटक्याचा, आकार ठरवण्याआधी तेवढं समजून घे. लॅच नंतरही सुधारता येतो. आतली रचना चुकली तर साचाच फेकावा लागतो.

आधी गरज किती आहे ते पाहू. एका टोकाचा ट्रान्समीटर दुसऱ्या टोकाच्या रिसीव्हरपर्यंत पोचायला हवा, म्हणजे वाटेत फायबरच्या जोडीची अदलाबदल विषम वेळा व्हायला हवी. मेथड ए मध्ये ट्रंक (मधली अनेक फायबरची मुख्य केबल) सरळ असतो, म्हणून एका टोकाला ए-बी कॉर्ड (जोडी उलटवणारी) आणि दुसऱ्या टोकाला ए-ए कॉर्ड (सरळ) लागते: अदलाबदल एकदा. मेथड बी मध्ये ट्रंकच उलटा आणि दोन्ही टोकांना ए-बी कॉर्ड: अदलाबदल तीनदा. घोळ मेथड ए मध्ये होतो, कारण ए-ए आणि ए-बी कॉर्ड लांबून सारख्याच दिसतात आणि स्टोअरमध्ये दोन्ही ठेवाव्या लागतात. २०२२ च्या टीआयए-५६८.३-ई या अमेरिकन केबलिंग मानकात यू१ आणि यू२ या पद्धती आल्या. त्यांत दोन्ही टोकांना एकसारख्या कॅसेट (ट्रंकमधून जोड्या फोडणारे डबे) आणि एकाच जातीच्या कॉर्ड चालतात. म्हणजे नव्याने उभ्या राहणाऱ्या जागी तुझ्या कनेक्टरची गरज कमीच पडेल. तो विकला जाईल जुन्या केबलिंगमध्ये, जिथे चुकीची कॉर्ड ओढून झालेली आहे आणि ती पुन्हा बाहेर काढणं कुणालाच परवडत नाही. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये भरलेल्या रॅकमागे उभा असलेला टेक्निशियन हा तुझा खरा गिऱ्हाईक.

आता त्या तीन तऱ्हा.

पहिली: क्लिप उघडायची, दोन्ही एलसी बाहेर काढायचे, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे, क्लिप बंद. प्रत्येक फेरूल (फायबरचं टोक धरणारा बारीक दांडा) स्वतःच्या लॅचच्या संदर्भात होता तिथेच राहतो, म्हणून एपीसीलाही, म्हणजे टोक ८ अंश तिरकं घासलेल्या कनेक्टरलाही, ही पद्धत चालते. गैरसोय हाताची आहे. दोन सुटे एलसी, एक उघडी क्लिप आणि बोटं मात्र दोनच हातांची. शिवाय बुटाच्या आत फायबर एकमेकांवरून जातात. पुढच्या वेळी ते उलट्या वाटेने परत आणले नाहीत, तर एक पीळ कायमचा बसतो आणि दर बदलाला वाढत जातो.

दुसरी: कनेक्टर हलवायचेच नाहीत. पूर्ण डोकं १८० अंशांनी पालथं करायचं आणि खाली गेलेला लॅच पुन्हा वर सरकवायचा. सगळ्यात झटपट, फायबरला धक्काही नाही. तुझं ड्रॉइंग याच जातीचं आहे. पण लॅचच्या मानाने फेरूल १८० अंशांनी फिरला, आणि फुकटची वाटणारी ही गोष्ट सिंगल मोडमध्ये, म्हणजे अगदी बारीक गाभ्याच्या फायबरमध्ये, महागात पडते.

ते कसं, ते आकड्यांत बघ. फेरूलच्या मध्यबिंदूपासून फायबरचा कोअर (गाभा) जरासा बाजूला असतोच. चांगला उत्पादक फ्लँजच्या खाचांमध्ये फेरूल फिरवून ती चूक लॅचच्या दिशेला आणतो. दोन्ही बाजूंचे कोअर एकाच दिशेला सरकलेले असले की एकमेकांसमोर येतात. समज, दोन्हींची सरक ०.७ मायक्रॉन आहे. हे ट्यूनिंग बरोबर असेल तर फरक जवळपास शून्य. एक बाजू पालथी केलीस की फरक १.४ मायक्रॉन. प्रकाशाचा तोटा काढायचा तर ४.३४ गुणिले सरक भागिले मोड फील्डची (फायबरमधल्या प्रकाशाच्या ठिपक्याची) त्रिज्या, या भागाकाराचा वर्ग. १३१० नॅनोमीटरला त्रिज्या साधारण ४.६ मायक्रॉन धर. उत्तर ०.४ डीबी येतं. तोट्याच्या ग्रेड बी या दर्जात ९७ टक्के जोडण्यांनी ०.२५ डीबीच्या आत राहायचं असतं. म्हणजे कनेक्टर उत्तम, पॉलिश उत्तम, आणि पोलॅरिटी बदलताच माल ग्रेडमधून बाहेर. ५० मायक्रॉन गाभ्याच्या मल्टिमोडमध्ये हाच फरक जाणवतसुद्धा नाही. एपीसीचा तर प्रश्नच मिटला: ८ अंशांचे दोन उतार एकमेकांच्या विरुद्ध येतात, मधे हवेची पाचर राहते, आणि लिंक चालली तरी भरवशाची नसते.

म्हणून तुझं आत्ताचं ड्रॉइंग मल्टिमोडसाठी ठीक आहे. सिंगल मोडचा भाग क्रमांक त्यावरून काढू नकोस. मार्केटिंगवाले मागे लागतील, तरीही.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यात पटते, आणि चुका करायला जागाही तिच्यातच सगळ्यात जास्त. डोकं पालथं करायचं आणि मग प्रत्येक एलसी आपापल्या अक्षाभोवती १८० अंश फिरवून लॅच पुन्हा वर आणायचा. फेरूल आणि लॅच यांचं नातं तसंच राहतं, म्हणून यूपीसी (सरळ टोकाचे) आणि एपीसी दोन्ही चालतात. पीळ मात्र फायबरला बसतो, आणि इथे क्रिम्पची, म्हणजे केबल कनेक्टरला आवळून धरणाऱ्या कड्याची, रचना निर्णायक ठरते.

काचेची त्रिज्या ६२.५ मायक्रॉन. अर्धा फेरा म्हणजे ३.१४ रेडियन. हा पीळ २५ मिमी लांबीत अडकला तर शिअर स्ट्रेन (पिळाने होणारी विकृती) ०.७९ टक्के. सिलिकाचा शिअर मॉड्युलस ३१ गिगापास्कल धरला तर ताण २४० मेगापास्कलच्या आसपास. फायबरची प्रूफ टेस्ट साधारण ६९० मेगापास्कलला होते, आणि कायमचा ताण त्याच्या पाचव्या हिश्श्यात, म्हणजे १३८ च्या आत ठेवावा, असा ठोकताळा आहे. तू त्याच्या पावणेदोनपट वर आहेस. फायबर त्या दिवशी तुटणार नाही. तो काही महिन्यांनी, दमट हवेत, कुणी हात लावलेला नसताना तुटेल, आणि दोष इन्स्टॉलरच्या माथी जाईल. तोच पीळ ५० मिमी लांबीत पसरू दे: ताण १२० वर येतो. ६० मिमीत १०० वर.

बुटात ५० मिमी जागा कुणी देणार नाही. तेवढा लांब बूट केलास तर रॅकचं दार लागणार नाही. उपाय बुटाच्या मागे आहे. क्रिम्प रिंगने फक्त अरॅमिडचे बळकटीचे धागे आणि जॅकेट पकडावं, फायबरला मोकळं सोडावं. मग पीळ केबलच्या आत मागे सरकत जातो आणि लांबी आपोआप मिळते. म्हणून क्रिम्पच्या आतून एक पातळ नळी जाऊ दे आणि तिच्यातून फायबर सैल फिरू दे. दोन्ही फायबर एकाच २ मिमी जॅकेटमध्ये असतील तर आतली मोकळीक मोजून घे. धागे जास्त भरले की तेच फायबरला धरून बसतात.

त्याच मोकळ्या जागेचं आणखी एक काम आहे. कनेक्टर अडॉप्टरमध्ये बसला की स्प्रिंग दबते, एलसीत साधारण ५ ते ६ न्यूटनने, आणि फेरूल किंचित मागे सरकतो. तेवढा जास्तीचा फायबर कुठेतरी बाक घेतो. ती जागा पिळलेल्या अवस्थेतही शिल्लक हवी. जागा कमी पडली की बाक तीव्र होतो आणि १५५० नॅनोमीटरला तोटा दिसायला लागतो. बुटात बाक सोसणारा जी.६५७.ए२ फायबर वापर. त्याचा किमान बाक ७.५ मिमी त्रिज्येचा आहे. नेहमीच्या जी.६५२ ला एवढ्याशा जागेत सुखाने राहता येत नाही.

फिरवण्याला दोन्ही टोकांना अडथळा हवाच: शून्य आणि १८०, त्यापुढे जाता कामा नये. नाहीतर चार बदलांत चार अर्धे फेरे एकाच दिशेने बसतील. दोन्ही एलसींचे अडथळे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब ठेवलेस तर टेक्निशियनच्या हातालाही ओघ कळतो: दोन्ही आतून बाहेर.

आता एमपीओ, म्हणजे एकाच फेरूलमध्ये बारा फायबरची रांग असलेला कनेक्टर. तिथे पोलॅरिटी ‘की’, म्हणजे हाउसिंगवरचा दिशा ठरवणारा उंचवटा, बदलून बदलतात. टाइप ए ट्रंक एका टोकाला की वर, दुसऱ्याला की खाली, फायबर एकास एक. एका टोकाची की पलटी केली की १ नंबरचा फायबर १२ च्या जागी जातो आणि तोच ट्रंक टाइप बी होतो. पॅरलल ऑप्टिक्सला, म्हणजे १००जीबेस-एसआर४ सारख्या मॉड्यूलला, हेच हवं असतं: १ ते ४ पाठवणारे, ९ ते १२ घेणारे. की कितीही पालटलीस तरी टाइप सी मिळत नाही. तिथे जोडीजोडीने अदलाबदल असते आणि ती फक्त फायबर लावतानाच करता येते. यूएस कोनेक कंपनीच्या एमटीपी प्रो या एमपीओ कनेक्टरमध्ये की आणि पिना दोन्ही हत्याराने जागेवर बदलता येतात. तो हातात घेऊन नीट बघ.

एमपीओत तीन जागी हमखास पाय घसरतो. पहिली, एपीसी. एमपीओतला एमटी फेरूल २.५ मिमी उंच. की पालटली की दोन ८ अंशांचे उतार उलटे भिडतात, कडा टेकतात आणि मधल्या रांगेत, जिथे फायबर आहेत, साधारण ०.३५ मिमी फट राहते. म्हणून सिंगल मोड हाउसिंगमध्ये की हलताच येणार नाही अशी रचना कर. सूचना छापून भागत नाही. दुसरी, दोन फेरूल नेमके समोरासमोर धरणाऱ्या पिना. ०.७ मिमी व्यासाच्या, ४.६ मिमी अंतरावर. पिनवाले दोन समोरासमोर आले की फेरूलचे टवके उडतात. बिनपिनवाले दोन आले की बसतात गुमान आणि तोटा वाटेल तो देतात. मॉड्यूलमध्ये पिना असतातच, त्यामुळे कॉर्ड बिनपिनेची लागते. पोलॅरिटी बदलणाऱ्या माणसाला पिनाही त्याच खेपेला बदलाव्या लागतात, हे धरून चाल.

तिसरी जागा पांढऱ्या ठिपक्याची. तो ठिपका १ नंबरची बाजू दाखवतो. बाहेरच्या हाउसिंगवर छापलेला असेल आणि की पालटली, तर ठिपका निळ्या, म्हणजे मूळच्या १ नंबरच्या फायबरच्या बाजूलाच राहतो, पण ती जागा आता १२ नंबरची झालेली असते. ठिपका खोटं बोलतो. तो कीसोबत सरकणाऱ्या पट्टीवर घे, किंवा हाउसिंगला दोन्ही बाजूंना खिडक्या दे आणि पट्टी एकीच्याच मागे येऊ दे. एलसीतही हाच न्याय: ए आणि बी ही अक्षरं अशा भागावर कोर की बदल झाला की ती आपोआप बरोबर वाचता येतील. नुसत्या रंगावर विसंबू नकोस. पिवळा, ॲक्वा, निळा, हिरवा यांना आधीच अर्थ आहेत.

हाताळणीबद्दल थोडकंच. १यू मध्ये, म्हणजे रॅकच्या एका खणाच्या उंचीत, १४४ फायबरचं पॅनेल असतं, दोन कनेक्टरांमध्ये बोट जात नाही. सुटा होणारा एकही भाग ठेवू नकोस, तो खाली पडणारच आणि रॅकखाली गेलेला परत मिळत नाही. डस्ट कॅप लावलेली असतानाच पूर्ण बदल करता आला पाहिजे. बहुतेक डिझाइनमध्ये कॅप काढावी लागते आणि अंगठा थेट फेरूलवर येतो. पीईआय या कडक प्लास्टिकमध्ये पातळ बिजागरी नको, तडकते. फिरणारा जोड किंवा सरकणारा खटका दे. ३.१ मिमी पिचच्या एसएन आणि एमडीसी या एलसीहून छोट्या कनेक्टरांत तर एकेक फेरूल बोटाने धरणंच शक्य नाही. तिथे सगळी क्रिया बुटावरून व्हावी लागते.

आणि बदलाची अवस्था लांबून दिसू दे. नेहमीचा प्रकार असा: लिंक लागत नाही, दोन टोकांना दोन माणसं, मधे फोन. दोघंही आपापलं टोक पालटतात, अदलाबदल पुन्हा सम होते, दिवा लागत नाही, आणि मग निर्दोष मॉड्यूल बदलायला काढतात.

चाचणीचा क्रम सांगतो. वीस नमुने घे. पहिल्या अवस्थेत तोटा मोज, पोलॅरिटी बदलून मोज, परत पहिल्या अवस्थेत आणून मोज. तिन्ही वेळा १३१०, १५५० आणि १६२५ ला. पहिल्या आणि दुसऱ्या मापात तिन्ही तरंगलांब्यांवर फरक आला तर फेरूल आणि लॅचचं नातं ढळलंय. फरक फक्त १५५० आणि १६२५ ला आला तर आत बाक पडलाय. पहिलं आणि तिसरं माप जुळत नसेल तर काहीतरी परत जागेवर आलेलं नाही, बहुधा पीळ. दर मापाआधी स्कोपखाली फेरूल बघ, नाहीतर धुळीचा तोटा डिझाइनच्या नावावर जमा होईल. जीआर-३२६ या कनेक्टर-चाचणीच्या मानकात जोडणी-काढणीच्या २०० खेपा आहेत. पोलॅरिटीच्या खेपांचा आकडा तुला ठरवावा लागेल. पंचवीस पुरेत. त्यानंतर तापमानाची चक्रं पोलॅरिटी पालटलेल्या अवस्थेत चालव. कारखान्यातून निघालेल्या अवस्थेत चालवलीस तर पिळाची परीक्षा झालीच नाही.

सुधारलेल्या ड्रॉइंगमध्ये क्रिम्पचा उभा छेद दहापट मोठा करून दाखव, फायबर कुठे मोकळा आहे ते त्यावर लिही, आणि पिळाची मोकळी लांबी मिलिमीटरमध्ये दे. लॅचचं त्यानंतर बघू.