वाट्याबाहेरचं पोर

गेल्या अंकात तेमुजिनच्या, म्हणजे पुढच्या चंगीझ खानाच्या, लहानपणावर लेख आला आणि कोल्हापूर, हुपरी, कागलकडून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच होता: टोळ्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असताना ज्या पोराला आपल्याच माणसांनी टाकलं, त्याला तिथं कोण विचारणार? खालच्या उत्तरांतला तपशील मुख्यतः १३व्या शतकातल्या 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या मंगोल ग्रंथातला आहे. तो राजघराण्यासाठी लिहिलेला असल्यानं घराण्याची बाजू घेतो, हे ध्यानात ठेवूनच वाचावा लागतो. पण टाकलेल्या पोराच्या रोजच्या जगण्याचं इतकं जवळचं चित्र दुसरीकडं मिळत नाही.

प्रश्न : शाळेच्या मुलांसाठी एकांकिका लिहितो आहे. पहिल्या प्रवेशात टोळीची पंचायत बसते, सरदार तेमुजिनला हद्दपारीची शिक्षा सुनावतो आणि पोर आईबरोबर निघून जातं. हे बरोबर आहे का? (शिक्षक, राजारामपुरी)

प्रवेश उलटा करा. पोर कुठंच जात नाही, त्याच्याभोवतीची वस्ती उठून जाते. जिथं घरच गाडीवर चढतं, तिथं कुणाला हाकलायची गरज पडत नाही. जनावरं हाकायची, तंबू मोडायचे आणि त्याला सांगायचं नाही, की झालं.

घडलं ते असं. नऊ वर्षांच्या तेमुजिनची खोंगिरद टोळीतल्या दहा वर्षांच्या बोर्तेशी सोयरीक ठरवून, त्याला सासरी ठेवून बाप येसुगेई परत निघाला. वाटेत तातारांनी त्याला जेवणातून विष दिलं आणि घरी पोचल्यावर तो मेला. पुढच्या वसंतात तायचिउद भाऊबंदांनी पूर्वजांना नैवेद्य केला. आंबघाई खानाच्या दोन विधवा तिथं वडीलकीच्या जागी होत्या. तेमुजिनची आई होएलुन उशिरा पोचली आणि तिला नैवेद्याच्या मांसाचा वाटा मिळाला नाही. जत्रेत बोकड कापल्यावर भावकीतल्या एका घराला वाटाच गेला नाही, तर त्याचा अर्थ काय, हे कोल्हापूरच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागणार नाही. होएलुन तिथंच म्हणाली, की येसुगेई गेला म्हणून माझी पोरं मोठी व्हायची नाहीत असं समजता का? आज मला वगळून जेवलात, उद्या मला न उठवता तळ हलवाल. दुसऱ्या सकाळी तायचिउद ओनोन नदीच्या काठानं खरोखरच निघाले. चाराखा नावाचा म्हातारा अडवायला गेला, त्याच्या पाठीत भाला बसला. होएलुननं निशाण हातात घेऊन घोडा घातला आणि निम्मी माणसं वळवून आणली. पण तीही टिकली नाहीत.

तुमच्या एकांकिकेचा कणा मात्र 'का?' या प्रश्नात आहे. येसुगेईच्या मागची माणसं येसुगेईशी बांधलेली होती, त्याच्या घराशी नाही. लुटीत आणि शिकारीत पुढं राहून वाटा मिळवून देणारा माणूस गेला, आणि नऊ वर्षांचं पोर ते करू शकत नव्हतं. त्यात मंगोलांचं खानपद खाबुल खानानंतर तायचिउदांच्या आंबघाईकडं आणि मग पुन्हा खाबुलच्या मुलाकडं गेलेलं. तेमुजिन खाबुलचा पणतू, म्हणजे उद्याचा दावेदार. साध्या अनाथाला कुणीही पोटाला घालून कामाला ठेवलं असतं. याच ग्रंथात एक उपाशी माणूस हरणाच्या मांसासाठी आपलं पोर देऊन टाकतो, आणि ते पोर घेणाऱ्याच्या घरी चाकर म्हणून राहतं. तेमुजिनला टाकलं ते तो कुणीच नव्हता म्हणून नाही, तर 'कुणीतरी' होता म्हणून.

रंगमंचावर तंबू मोडताना क्रम सांभाळा: आधी दोर, मग लोकरीचे नमदे, मग छताच्या काठ्या, शेवटी जाळीच्या भिंती. नमदा म्हणजे आपलं विणलेलं घोंगडं नव्हे. तो लोकर भिजवून, दाबून केलेला असतो.

प्रश्न : आमच्यात भाऊ वेगळे झाले तरी दहा-वीस मेंढरं वाट्याला येतात. होएलुनकडं काय उरलं आणि तिनं पोरं कशी जगवली? (मेंढपाळ कुटुंबातील वाचक, हुपरी)

ग्रंथात या काळात तिच्या घरी मेंढरांचा कळप दिसत नाही. दिसतात ते नऊ घोडे. नऊ घोडे म्हटलं की आपल्याला श्रीमंती वाटते, पण त्यांतले आठ रुपेरी घोडे बडवलेले होते. तुम्ही मेंढरं राखता, तुम्हाला लगेच कळेल: ना दूध, ना शिंगरू. घोडीचं आंबवलेलं दूध हा तिथल्या उन्हाळ्याचा मुख्य आहार, तोच नाही. मेंढरं नाहीत म्हणजे चरबीचं मांस नाही आणि नमद्याला लोकरही नाही.

म्हणून होएलुन डोक्यावरची टोपी घट्ट करून, कंबर कसून ओनोनच्या काठानं वर-खाली धावत रानसफरचंदं आणि रानचेरी गोळा करायची. जुनिपरच्या टोकदार काठीनं मुळ्या उकरायची. रानकांदा, रानलसूण आणि लिलीचे कंद हे रोजचं खाणं. पोरांनी सुया वाकवून गळ केले, जाळी विणली आणि मासे धरले. पुढं बिळातले मार्मोट आणि रानउंदीरही खाल्ले. कळप राखणाऱ्या लोकांत मासा आणि उंदीर हे हलाखीचं खाणं. सावत्र भाऊ बेख्तेर याला तेमुजिन आणि त्याचा सख्खा भाऊ खसार यांनी बाणांनी मारलं, ते हिसकावून घेतलेल्या एका पक्ष्यावरून आणि एका माशावरून. यात थोरल्या भावाच्या हक्काचा वादही असावा. पण भूक बाजूला ठेवून तो खून समजत नाही. होएलुन पोरांवर संतापली ती याच मुद्द्यावर: सावलीखेरीज आपल्याला सोबती नाही आणि तुम्ही एकमेकांना मारता.

एकट्या घराचा दुसरा धोका चोरी. चोर आले आणि दारातले आठही घोडे घेऊन गेले. नववा वाचला, कारण सावत्र भाऊ बेल्गुतेई त्याच्यावरून शिकारीला गेला होता. वस्ती मोठी असती तर निम्मी माणसं पाठलागाला निघाली असती. इथं तेमुजिन एकटा निघाला. वाटेत घोड्या पिळणारा बोओर्चू नावाचा अनोळखी पोरगा त्याच्याबरोबर आला, घोडे सोडवले आणि त्यांतला वाटाही त्यानं घेतला नाही.

प्रश्न : शत्रूच्या छावणीत सापडलेल्या लहान पोराचं काय व्हायचं? (वाचक, कागल)

दोन टोकं होती, आणि दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात दिसतात. १२०२ साली तेमुजिननं तातारांचा पाडाव केल्यावर ठरलं, की गाडीच्या चाकाच्या खिळीपेक्षा उंच असेल त्याला मारायचं आणि बाकीचे गुलाम म्हणून वाटून घ्यायचे. ही खीळ म्हणजे चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला ठोकलेली, अर्थात चाकाच्या मध्यावरची. पोर चाकाच्या वरच्या कडेला टेकवून मोजत, असं कुणी समजेल, तर ते चुकीचं. पाच फुटी चाक धरलं तरी मध्य अडीच फुटांवर येतो, आणि अडीच फूट म्हणजे जेमतेम पाऊल टाकू लागलेलं मूल. या मापानं किती थोडे वाचले असतील, याचा हिशेब करताना हात थांबतो.

दुसरं टोक होएलुनच्या तंबूत. चार पराभूत छावण्यांतून सापडलेली चार पोरं तिनं वाढवली: मर्किदांचा गुचू, तायचिउदांच्या छावणीतला कोकोचू, तातारांचा शिगी खुतुखु आणि जुर्किनांच्या छावणीतला बोरोखुल. आपल्या मुलांना दिवसा पाहायला डोळे आणि रात्री ऐकायला कान हवेत, असं तिचं म्हणणं. यात माया होती आणि हिशेबही होता.

कपड्यांकडं लक्ष द्या. शिगी खुतुखुच्या नाकात सोन्याची कडी होती आणि अंगात सेबल या प्राण्याच्या फरचं अस्तर लावलेली जरीची बंडी. ती पाहून होएलुन म्हणाली, की हा चांगल्या घरचा दिसतो. गुचूच्या डोक्यावर सेबलची टोपी आणि पायात हरणाच्या कातड्याचे बूट होते. म्हणजे तुडवलेल्या छावणीतही पोराची पत आधी अंगावरून वाचली जायची. तेमुजिन चंगीझ खान झाला त्या १२०६च्या मोठ्या सभेनंतर शिगी खुतुखुकडं न्यायनिवाडा आणि निवाड्यांची नोंद आली. बोरोखुल सेनानी झाला आणि तेमुजिनच्या जखमी मुलाच्या, ओगेदेईच्या, मानेतलं रक्त तोंडानं ओढून त्यानं त्याला वाचवलं. पण छावणीतल्या सगळ्याच पोरांना असं नशीब लाभलं, असं समजू नका. बाकीच्यांची नावंसुद्धा लिहिलेली नाहीत.

प्रश्न : आई पळवून नेलेली असेल तर पोर कुणाचं धरत? तेमुजिनच्या थोरल्या मुलाला, जोचीला, बाकीचे भाऊ आपला मानत होते का? (वाचक, मंगळवार पेठ)

नातं बापाकडून, 'हाडा'वरून चालायचं. त्यामुळं बापाविषयी शंका आली की पोराची जागा डळमळायची, आणि ती शंका बाप मेल्यावर बाहेर यायची. तेमुजिनचा पूर्वज बोदोंचार याची उदाहरणं बोलकी आहेत. त्यानं पळवून आणलेली एक बाई आधीच गरोदर होती. तिच्या मुलाचं नावच 'परका' या अर्थाच्या शब्दावरून जादारादाई पडलं, आणि तेमुजिनचा बालपणचा मित्र जामुखा त्याच्याच वंशातला. जेवुरेदेई नावाच्या दुसऱ्या मुलाला बाप असेपर्यंत काठीवर मांस टांगून होणाऱ्या कुळाच्या पूजेत येऊ देत. बाप मेला आणि भाऊबंद म्हणाले, की याच्या आईकडं दुसरा पुरुष यायचा. लगेच त्याला पूजेतून काढलं. पुन्हा मांस, पुन्हा वाटा.

जोचीचं तसंच. येसुगेईनं होएलुनला एका मर्किदाकडून पळवलं होतं, त्याचा सूड म्हणून मर्किदांनी बोर्तेला नेलं. सोडवून आणल्यानंतर जोची जन्मला. बापानं त्याला कायम थोरला मानलं. तरीही १२१९च्या सुमारास, मध्य आशियातल्या ख्वारज्म राज्यावरच्या स्वारीआधी वारसाचा विषय निघाला, तेव्हा दुसऱ्या मुलानं, चगताईनं, भर सभेत त्याला मर्किदाचं पोर म्हटलं आणि दोघांनी गळपट्ट्या धरल्या. बापानं चगताईला झापलं, पण वारस दोघांपैकी कुणीच झाला नाही, ओगेदेई झाला. बापाचा शब्द जोचीचं थोरलेपण राखू शकला, भावांची जीभ बांधू शकला नाही. याच जोचीच्या मुलानं, बातूनं, पुढं व्होल्गाकाठी राज्य उभारलं.

प्रश्न : मग असं पोर पुन्हा उभं कसं राहतं? (विद्यार्थिनी, शाहूपुरी)

भावकीबाहेरच्या नात्यांवर. जामुखाशी तेमुजिननं अकराव्या वर्षी, ओनोनच्या बर्फावर खेळताना, 'आंदा' म्हणजे शपथेचा भाऊ हे नातं जोडलं आणि घोट्याची हाडं अदलाबदल केली. पुढच्या वसंतात बाण बदलले. मोठेपणी बोर्तेच्या आईनं दिलेला काळ्या सेबलचा अंगरखा त्यानं स्वतः वापरला नाही. बापाचा आंदा असलेल्या केरेइद टोळीच्या खानाला, तोघ्रुलला, तो नेऊन दिला. त्या एका अंगरख्यानं बापाची जुनी मैत्री पोराच्या नावावर आली आणि मर्किदांवर चालून जायला फौज मिळाली.

प्रश्न : तायचिउद तेमुजिनला धरून नेतात, त्या कैदेचा प्रवेशही घ्यायचा आहे. सामान काय लागेल? (शिक्षक, राजारामपुरी)

गळ्यातलं लाकडी खोडं हलक्या प्लायवूडचं करा, पण कडा जाड ठेवा, कारण त्याच खोड्यानं तो पहारेकऱ्याच्या डोक्यात मारतो. तायचिउदांनी त्याला कोठडीत टाकलं नव्हतं; रोज एका घरी ठेवत, म्हणून बिऱ्हाडं निरनिराळी दाखवा. पळाल्यावर तो तोंड तेवढं बाहेर ठेवून नदीत पडून राहतो. त्याला पाहूनही गप्प राहणारा सोर्खान शिरा त्याच छावणीतला, पण सुलदुस कुळाचा. पुढं पोर त्याच्याच घरी जातं; झडती येते तेव्हा ते तिथल्या लोकरीच्या गाडीत लपलेलं असतं. झडतीवाले लोकर उपसू लागतात आणि सोर्खान शिरा म्हणतो, एवढ्या उन्हात लोकरीत कोण तग धरेल?

निरोपाच्या वेळी तो एक घोडी, शिजवलेलं कोकरू, धनुष्य आणि दोन बाण देतो. खोगीर आणि चकमक देत नाही, असं ग्रंथ मुद्दाम नोंदवतो. खोगीर ओळखू आलं असतं आणि चकमक असती तर पोर जाळ करायला थांबलं असतं, धूर दिसला असता, असा त्याचा अर्थ लावता येतो. तेव्हा त्या घोडीवर खोगीर ठेवू नका.