एकाच बाजूच्या वळणात अंडरस्टीअर: ट्रॅकच्या स्विफ्टचं सस्पेन्शन घरी कसं सेट करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरची स्विफ्ट, आतून रिकामी केलेली, आटेवाले कॉइलओव्हर (आटे फिरवून उंची बदलता येणारे स्प्रिंग-डॅम्पर) नुकतेच बसवलेले. दोन्ही बाजूंचे आटे मोजून सारखे ठेवलेत. उजव्या वळणात गाडी छान वळते, डाव्या वळणात नाक बाहेर पळतं (हाच अंडरस्टीअर), आणि ब्रेक दाबला की पुढचं डावं चाक आधी लॉक होतं. डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) किती क्लिक कडक करू?

सध्या एकही क्लिक फिरवू नका. सांगितलेल्या दोन्ही लक्षणांचं मूळ बहुधा एकच आहे. पुढचं उजवं आणि मागचं डावं या कर्णावर वजन जास्त पडलंय, त्यामुळे पुढचं डावं चाक हलकं झालंय. हलकं चाक ब्रेकमध्ये आधी लॉक होणारच. डाव्या वळणात पुढचं उजवं चाक बाहेरचं असतं, म्हणजे आधीच जड असलेल्या टायरवर आणखी भार येतो. टायरवरचं वजन दुप्पट झालं तरी पकड दुप्पट होत नाही, कमीच भरते. म्हणून एक टायर दबलेला आणि दुसरा तरंगता असला की पुढच्या जोडीची एकूण पकड घटते. उजव्या वळणात हाच कर्ण उलटा, तुमच्या फायद्याचा पडतो. आटे सारखे म्हणजे वजन सारखं, असं नसतं. ड्रायव्हर उजवीकडे, बॅटरी एका बाजूला, जुन्या बॉडीचा पीळ, बुशचा ताण हे सगळं त्यात मिसळतं.

कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे काय किंवा श्रीपेरुंबुदूरजवळचं सर्किट काय, मराठवाड्यातून दोन्ही लांबच. तिथला अर्धा दिवस आटे फिरवण्यात घालवू नका. हे काम घरच्या फरशीवर होतं.

वजन करण्याआधी गाडी जॅक स्टँडवर घेऊन बॉल जॉइंट, टाय रॉडचं टोक आणि बेअरिंग हलवून बघा. कुठे खेळ असेल तर पुढचं मोजमाप वाया जाईल. मग लोअर आर्मच्या (पुढचं चाक बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुशचे आणि मागच्या बीमचे (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी करा, थोडी दाबून सोडा आणि त्या उंचीवरच बोल्ट टॉर्कने आवळा. चाकं लोंबकळत असताना हे बोल्ट आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं. मग ते स्वतःच स्प्रिंगसारखं वागून काट्यावरचा आकडा बिघडवतं, आणि लवकर फाटतंही. कॉइलओव्हर बसवताना गॅरेजात हमखास होणारी चूक ही आहे, आणि बिघडलेल्या गाड्यांत मी सगळ्यात आधी तीच बघायला सांगतो.

आता काटा. रेसिंगचे खास काटे महाग पडतात, पण तुमच्या गावात मोंढा आहे. आडतीवर ५०० किलोचे इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटे असतात. एकाच उंचीचे चार काटे एका दिवसासाठी मागून आणा. एकच माणूस चारही काट्यांवर उभा करून आकडे जुळतात का बघा. फरक दिसला तर काट्यावर खडूने लिहून ठेवा आणि तेवढा वजा करा. बाथरूमचा काटा एका चाकालाच पुरत नाही. ट्रकच्या वे-ब्रिजवर चाकं सुटी तोलायचा नाद सोडा, त्याचा आकडाच ५-१० किलोंच्या टप्प्याने बदलतो.

फरशी सपाट हवी. आपल्याकडे शहाबादी फरशीला पाणी जायला उतार दिलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घ्या आणि चारही काट्यांचे माथे १ मिलीमीटरच्या आत एका पातळीत आणा. खाली सनमायकाचे तुकडे सरकवले की झालं. ६ किलो प्रति मिलीमीटरच्या आसपासचे स्प्रिंग असतील, तर एका चाकाखालच्या ५ मिलीमीटरच्या चुकीने प्रत्येक चाकाचा आकडा ५ किलोच्या आसपास खोटा येतो.

टायरमध्ये ठरलेली हवा, टाकीत शर्यतीच्या निम्मं पेट्रोल, ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती. पुढच्या अँटी-रोल बारची (वळणात गाडी झुकू न देणारी, दोन्ही चाकं जोडणारी सळई) लिंक एका बाजूने सोडा. ती जोडलेली राहिली तर बार कर्णावर ताण देतो आणि तुम्ही स्प्रिंगऐवजी बारचं वजन जुळवत बसता. गाडी जॅकवरून खाली घेतली की चाकं बाहेरून आत ओढलेली राहतात, म्हणून टायरखाली मध्ये ग्रीस लावलेले सनमायकाचे दोन-दोन तुकडे ठेवा. प्रत्येक बदलानंतर दोन्ही टोकं दाबून सोडा, मगच आकडा वाचा.

समजा आकडे असे आले: पुढे डावं २८५, उजवं ३२५, मागे डावं १८५, उजवं १७५. एकूण ९७०. उजवं पुढचं आणि डावं मागचं मिळून ५१०, म्हणजे ५२.६ टक्के. असायला हवेत ४८५. आटे फिरवून पुढचं-मागचं किंवा डावं-उजवं वाटप बदलत नाही, त्यासाठी बॅटरी, सीट असं सामानच हलवावं लागतं. आट्यांनी फक्त कर्ण बदलतो. इथे प्रत्येक चाकावर साडेबारा किलो हलवायचे आहेत: पुढे २९७.५ आणि ३१२.५, मागे १७२.५ आणि १८७.५.

ते एकाच कोपऱ्यात करू नका, गाडी तिरकी होईल. पुढचं उजवं आणि मागचं डावं एक-एक फेरा खाली, पुढचं डावं आणि मागचं उजवं एक-एक फेरा वर. १.५ मिलीमीटरचा आटा आणि वर सांगितलेले स्प्रिंग असतील, तर यात प्रत्येक चाकावर ५-७ किलो हलतात. म्हणजे दोन फेऱ्यांत काम होईल. स्विफ्टला मागचा स्प्रिंग डॅम्परपासून वेगळा बसतो, म्हणून मागे थोडा जास्त फेरा लागू शकतो. कर्ण अर्ध्या टक्क्याच्या आत आला की थांबा. शेवटी बारची लिंक ड्रायव्हरचं वजन गाडीत असतानाच, तिची लांबी जुळवून, हाताने बोल्ट आत जाईल अशी लावा. ठोकून बसवावी लागत असेल तर सगळा कर्ण पुन्हा बिघडला म्हणून समजा. लिंक ठरावीक लांबीची असेल तर लांबी बदलता येणारी आणा.

काळ्या मातीची धूळ आट्यांत बसली की कॉलर (स्प्रिंगला टेकू देणारी, फिरवायची कडी) जाम होतो आणि हूक पाना घसरून त्याच्या खाचा गोल होतात. आधी ब्रशने साफ करा. तेल लावू नका, धूळ आणखी चिकटते. कोरडा वॅक्स स्प्रे बरा.

उंचीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो: गाडी फार खाली नेऊ नका. पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन (वर डॅम्पर, खाली एकच आर्म) आहे. लोअर आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या बुशपेक्षा वर गेलं की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली पडतो. दिसायला गाडी बसकी, पण वळणात झुकते जास्त, आणि दबताना कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकण्याचा कोन) मिळायच्या ऐवजी जातो. लोअर आर्म आडवा किंवा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता दिसला पाहिजे.

यानंतर कॅम्बर, आणि टो (चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असणं) सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. १५ इंची रिम कड ते कड साधारण ४०० मिलीमीटर भरतं, म्हणून ओळंबा सोडला तर वरच्या आणि खालच्या कडेत ७ मिलीमीटरचा फरक म्हणजे १ अंश. पुढे उणे ३ अंशांपासून, म्हणजे २१ मिलीमीटरपासून सुरुवात करा. टोसाठी दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर नायलॉनची दोरी ताणा. पुढच्या हबपासून दोरीचं अंतर डावी-उजवीकडे सारखं हवं, मागच्या हबपासूनही तसंच. मग रिमच्या दोन्ही कडा दोरीपासून मोजा. पुढे दर चाकाला १ मिलीमीटर टो-आउट, मागे शून्य किंवा किंचित टो-इन. मागचं फक्त स्टब (चाकाचा आस) आणि बीममधल्या शिमने (पातळ चकतीने) बदलतं, आणि मागे टो-आउट देऊ नका. वेगाच्या वळणात ऐनवेळी मागचा भाग सुटतो. टॉप माउंट (डॅम्परचं वरचं टोक बॉडीला धरणारी बैठक) बदलायचे असतील तर आधी तुमच्या वर्गाचे एफएमएससीआयचे (भारतातल्या मोटरस्पोर्टची संघटना) नियम वाचा.

डॅम्पर आता. पूर्ण कडकपासून मोजत मधल्या क्लिकवर ठेवा, चारही. क्लिकचा परिणाम वळणात शिरताना आणि बाहेर पडताना जाणवतो. वळणाच्या मध्यभागी गाडी स्थिर असताना फारसा नाही. पुढच्या डॅम्परच्या दांड्यावर केबल टाय घट्ट गुंडाळा. फेरीनंतर तो बंप स्टॉपपर्यंत (डॅम्पर पूर्ण दबू नये म्हणून बसवलेलं रबर) सरकलेला दिसला, तर वळणाच्या मध्यावरचा अंडरस्टीअर तिथून येतोय. अशा वेळी क्लिक नव्हे, उंची किंवा स्प्रिंग बदला.

ट्रॅकवर हवा गरम टायरमध्येच ठरवा. थंडीतल्या पहाटे भरलेली हवा दुपारच्या उष्म्यानेच ३ पीएसआयच्या आसपास वाढते, धावून वाढते ती वेगळी. साध्या रोड टायरला गरम ३२ च्या आसपास ठीक. पिटमध्ये आल्याबरोबर सुईच्या थर्मामीटरने आत, मध्ये, बाहेर तापमान घ्या. इन्फ्रारेड गन फक्त वरची, लगेच निवणारी कातडी दाखवते. आतली कड बाहेरच्यापेक्षा ५-१० अंशांनी गरम असावी. बाहेरची जास्त गरम असेल तर कॅम्बर कमी पडतोय, मधला पट्टा दोन्हींपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे.

कर्ण जुळल्यावर दोन्ही वळणांत सारखाच अंडरस्टीअर उरला, तर मागचे डॅम्पर दोन क्लिक कडक, तेवढाच एक बदल, आणि तीन-चार फेऱ्या. समृद्धीवर जाऊन तपासायचं मनातही आणू नका. ते धोक्याचं आहे, आणि सरळ रस्त्यावर यातलं काहीच कळत नाही.

काट्यावरचे चार आकडे, स्प्रिंगचा रेट (किलो प्रति मिलीमीटर) आणि आट्याची पिच (एका फेऱ्यात किती मिलीमीटर) इथे लिहा, किती फेरे कुठे द्यायचे ते नेमकं काढून देतो.