काठावरची पाखरं : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

पोळा झाला, पाऊस ओसरायला लागला की या सदरात पाखरांचे प्रश्न वाढतात. यंदा बरेच प्रश्न पाण्याच्या काठाचे आलेत, कुणाचा तलाव, कुणाचं धरण, कुणाला तर थेट समुद्रच पाहायचा आहे. म्हणून सगळे एकत्रच घेतो.

प्रश्न : कोकणातल्या मैत्रिणी ऑक्टोबर आला की समुद्रकाठच्या परदेशी पाखरांचे फोटो पाठवतात. आमच्याकडे समुद्र नाही, गावाला लागून एक मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे फक्त. तिथं फिरून काही दिसते का? आणि केव्हापासून जायचं? (कॉलेजची विद्यार्थिनी, साकोली तालुका)

दिसते ना ताई, भरपूर दिसते, फक्त कुठं उभं राहायचं ते समजलं पाहिजे.

समुद्रकाठी पाखरं काहून जमतात ते आधी पाहू. ओहोटीला पाणी मागं जाते, ओला चिखल उघडा पडते, त्यात अळ्या, किडे, शिंपल्यातले जीव, आणि हे सगळं चोच खुपसून खायला पाखरं उतरतात. तुझ्या तलावात हेच होते, फक्त दिवसातून दोनदा नाही तर वर्षातून एकदा आणि सावकाश. धान निसवला की बांध्यांना शेवटचं पाणी सोडतात, तलाव उतरायला लागते आणि काठानं रोज थोडा थोडा नवीन चिखल मोकळा होते. उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांची वेळ आणि आपल्याकडे धानाला पाणी सोडायची वेळ जवळपास एकच आहे, त्यामुळे कोहळी लोकांनी दोन-तीनशे वर्षांआधी शेतीसाठी बांधलेले हे तलाव सैबेरियाच्या पाखरांनाही आयते जमून गेले.

आता मुख्य गोष्ट. सगळे लोक पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून फिरतात कारण तिथं रस्ता असते, पण पाळीच्या बाजूला तलाव सगळ्यात खोल असते. पाखरं असतात समोरच्या अंगाला, जिकडून पावसाचं पाणी तलावात येते तिकडं, कारण तो भाग उथळ आणि उताराचा आहे. तिकडं जा. सकाळी सूर्य पाठीमागं राहील अशी जागा धर आणि अर्धा तास हलू नको. पाखरं आधी उडतील, मग परत येऊन बसतील.

ऑगस्टच्या शेवटापासूनच सुरू कर, दिवाळीची वाट पाहू नको. सगळ्यात आधी येतात तुतवार आणि त्यांच्या जातभाई तुताऱ्या, चिखलात एकेकटं पळणारी, मागचा भाग सारखा खालीवर हलवणारी तपकिरी पाखरं. सप्टेंबरात धोबी येतात, पांढरे, पिवळे, करडे. (बाराही महिने दिसणारा मोठा काळा-पांढरा धोबी आपला इथलाच, त्याला पाहुण्यात धरू नको.) बदकांमधे पहिलं भुवई बदक, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात तलवार बदक, थापट्या, चक्रांग, आणि थंडी पक्की झाली की चक्रवाक. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस सगळ्यात मागून, ते तर ७ हजार मीटरच्या वरून उडाल्याच्या नोंदी आहेत, तलावावर चरताना पाहिलं की विश्वास बसत नाही.

एक सावधगिरी, इथंच नवीन लोक हिंमत सोडतात. पुस्तकात तलवार बदकाचा नर असा देखणा, चॉकलेटी डोकं, पांढरी मान, आणि ऑक्टोबरात तलावावर पाहिलं तर सगळी बदकं मातकट. लोकांना वाटते की सगळ्या माद्याच आल्या. तसं नाही, विणीनंतर नर आपली रंगीत पिसं टाकून देतात आणि काही काळ मादीसारखेच दिसतात, डिसेंबरपर्यंत रंग परत चढते. तोपर्यंत रंग सोड आणि चोच पाहा, थापट्याची चोच पुढं उलथन्यासारखी पसरट असते, ती लपत नाही. तलवार बदकाची मान लांब, बारीक. आणि कोण किती पाण्यात आहे तेही पाहा. मधल्या खोल पाण्यात बुड्या मारणारे काळे वारकरी आणि लालसरी, उथळ पाण्यात डोकं खाली शेपटी वर करणारी तलवार बदकं, चिखलात तुताऱ्या आणि कंठेरी चिखल्या. एकदा हे डोक्यात बसलं की लांबूनच अर्धी ओळख होऊन जाते.

चिखलात पावलांचे ठसेही पाहत जा. कोल्हा, रानमांजर, मुंगूस, रोही, डुक्कर, रात्री पाण्यावर कोण आलं होतं त्याची सगळी हजेरी तिथं लागलेली असते. उन्हाला पडलेली पाणदिवड दिसेल, बिनविषारी आहे, मारू नका. सारस दिसला तर तो पाहुणा नाही, तो आपला आहे, महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे. माणसाएवढा उंच पक्षी, धानातच घरटं करते, लांबूनच पाहायचं आणि घरट्याची जागा कोणत्याच ग्रुपवर टाकायची नाही.

आणि हे नीट ऐक, तुमच्या भागात वाघ-बिबट आहेत. दिवस चांगला वर आल्याशिवाय जाऊ नको, एकटी तर जाऊच नको, आणि झुडपात वाकून, बसून राहायचं नाही. पाखरं नऊ वाजताही दिसतात.

जाता जाता माझं एक मत. गावोगावी तलावाचं खोलीकरण आणि सौंदर्यीकरण होऊन राहिलं आहे. गाळ काढायलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही, पण जेसीबीनं चारही बाजूंनी काठ उभा कापला, दगडी पिचिंग केलं, वरून फिरायला ट्रॅक आणि लाईट लावले की पाणी भरपूर दिसते आणि पाखरू एकही थांबत नाही, कारण त्याला उभं राहायला बोटभर पाणीच उरत नाही. ग्रामसभेत विषय आला तर एवढंच मागा की पाण्याच्या येव्याकडचा उतार तसाच राहू द्या. काठानं माजलेली बेशरमाची झुडपं मात्र उपटून काढा, त्यांनी तो उथळ भाग गिळून टाकला आहे.

प्रश्न : आमच्या ज्वारीवर भोरड्यांचे थवेच्या थवे पडतात. पोरं म्हणतात की विदेशी पक्षी आहे, हाकलू नका. मग पीक त्यांनाच देऊन टाकायचं काय? (शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

नाही भाऊ, पीक वाचवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि भोरडी दाणे भरल्या ज्वारीचं नुकसान करते हे खरंच आहे, ते कुणी नाकारू नये. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना मध्य आशियाकडून येते, ऑगस्टपासूनच यायला लागते आणि पळस फुलून गेला की एप्रिलच्या आसपास परत फिरते. तिकडं विणीच्या काळात ती टोळ आणि नाकतोड्यांवरच जगते, आपल्याकडेही मोकळ्या रानात ती तेच वेचत असते. म्हणजे ज्वारी दुधात आल्यापासून कापणीपर्यंतचे दिवस राखण करा, मचाण, गोफण, डबे, चमकणाऱ्या पट्ट्या, जे आपले आजे करत होते ते. सकाळी पहिले दोन तास आणि दिवस मावळायच्या आधीचे दोन तास जास्त जोर ठेवा, तेव्हाच ती तुटून पडते. आजूबाजूच्या पाच-सहा वावरांनी मिळून राखण केली तर थवा त्या बाजूलाच फिरकत नाही, एकट्यानं केली तर शेजारच्याच्या वावरातून घुमून परत येते. विषाचे दाणे मात्र टाकू नका. त्यात भोरडी एक मरते आणि तितर, कबुतर, वरून घारी आणि गावचे कुत्रे, सगळेच मरतात. एरवी हरभऱ्याच्या वावरात पाखरं उतरली तर उतरू द्या, घाटेअळी खायलाच आली आहेत ती.

प्रश्न : मागच्या नोव्हेंबरात सांजच्याला विजेच्या तारेवर ओळीनं छोटे ससाणे बसले होते, दुसऱ्या दिवशी एकही नाही. त्याच दिवसांत चतुरही खूप उडत होते. हे कोणते होते? (शिक्षक, चंद्रपूर जिल्हा)

सर, ओळीनं आणि थव्यात बसले होते म्हणता, म्हणजे अमूर ससाणा असायची शक्यता मोठी आहे. कबुतराएवढा, पाय नारिंगी-लाल, नर गडद राखाडी आणि मांड्यांजवळ तांबूस. आपल्याकडे हिवाळ्यात वावरावर एका जागी पंख फडफडवत हवेत थांबणारा दुसरा छोटा ससाणा दिसते, ती खरुची, ती एकटी असते. थवा असेल तर अमूर धरा.

हे पाखरू पूर्व सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघते, नागालँड-मणिपूरकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाखोंनी थांबते, वाळवीवर पोट भरते आणि मग भारत आडवा ओलांडून अरबी समुद्र पार करून आफ्रिकेत जाते. २०१२ साली नागालँडमधे दोयांग जलाशयावर जाळ्यांत हजारो ससाणे मारल्या गेल्याचं देशभर गाजलं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या गावांनी स्वतः ठरवून शिकार बंद केली. २०१३ मधे तिथं काही ससाण्यांना सॅटेलाइट टॅग लावले तेव्हा त्यांचा रस्ता कळला. म्हणून तुमच्याकडे ते एकच संध्याकाळ दिसले. ते मुक्कामाला येतच नाहीत, इथून पुढं जायचं असते.

चतुरांचं तुम्ही बरोबर हेरलं. पिवळसर-तांबूस रंगाचा, ग्लोब स्किमर नावाचा चतुर पावसाळ्यानंतर वाऱ्याबरोबर भारतातून समुद्रावरून आफ्रिकेकडे जातो असं मानतात. मालदीवच्या बेटांवर ऑक्टोबरात ते अचानक लाखोंनी येतात आणि तिथं त्यांना अंडी घालायला गोडं पाणी जवळपास नाहीच, यावरून चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ मधे ही गोष्ट मांडली. ससाणे आणि चतुर एकाच सुमाराला, त्याच वाऱ्यावर निघतात, त्यामुळे समुद्रावर ससाण्यांचं खाणं हेच चतुर असावेत असाही अंदाज आहे. यंदा तारीख, वेळ, अंदाजे संख्या आणि वारा कुठून होता ते वहीत लिहा, आणि शाळेतल्या लेकरांनाही लिहायला लावा. ईबर्ड ॲपवर टाकली तर नोंद सगळ्यांच्याच कामी येते. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असते, ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सलीम अलींचा, ससाणे जायचे दिवसही नेमके तेच आहेत.

प्रश्न : लोणारचं पाणी खारं आहे, मग तिथं समुद्रपक्षी येतात का? (वाचक, मेहकर)

नाही येत. लोणारचं पाणी खारं आणि वरून अल्कधर्मी आहे, अशा पाण्यात एरवी मासे जगत नाहीत, मग मासे धरून खाणारी समुद्राची पाखरं तिथं काय करतील. पण उथळ काठावर शेकाट्या, टिटव्या, हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या असे पाहुणे दिसतात, आणि वरच्या जंगलात मोर तर मोजता येत नाहीत इतके. २०२० मधे या सरोवराला रामसर दर्जा मिळाला आहे, म्हणजे आता ते जगाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. सकाळी जा, खाली उतरताना गाइड घ्या.

प्रश्न : दिवाळीत नातवंडांना घेऊन पहिल्यांदा कोकणात चाललो आहे. समुद्रकाठी त्यांना काय दाखवू? कासवं दिसतील का? (निवृत्त मुख्याध्यापक, अमरावती जिल्हा)

काकाजी, कासवांचं आधीच सांगून देतो म्हणजे लेकरं नाराज व्हायची नाहीत. वेळास वगैरे गावांत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी हिवाळ्यात घातली जातात आणि पिल्लं समुद्रात सोडताना पाहायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमधे जावं लागते. दिवाळीत नाही.

बाकी दिवाळीची वेळ चांगली साधली तुम्ही. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे समुद्राला उधाण, भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, पाणी एरवीपेक्षा खूप मागं जाते. त्या दिवसांत कोकणात भरती साधारण दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमाराला येते, म्हणून सकाळी लवकर आणि दिवस मावळताना ओहोटी मिळेल. तिकडचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, लेकरांना हे गणित द्या, त्यांना मजा येईल.

ओहोटीला ओल्या वाळूवर चिखल्या पळताना दिसतील, लाट मागं गेली की धावत पुढं आणि लाट आली की धावत मागं. कोळ्यांच्या होड्या लागतात तिथं कुरव (सीगल) असतात. हिवाळ्यात त्यांच्या डोक्यावर काळी टोपी नसते, फक्त कानामागं एक काळा ठिपका, नाहीतर पुस्तकातला काळ्या डोक्याचा कुरव शोधत बसाल. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड माडांच्या वर घिरट्या घालते, तो बारमाही तिथलाच. वाळूत बोटभर भोकं आणि बाजूला वाळूच्या बारीक गोळ्या दिसल्या की तिथं गुपचूप बसवा लेकरांना, थोड्या वेळानं खेकडे वर येतात. जिवंत शंख-शिंपले पिशवीत भरून आणू देऊ नका. थव्यामागं पळू देऊ नका, ती पाखरं हजारो किलोमीटर उडून आलेली असतात आणि खायला मिळणारा वेळ ओहोटीपुरताच. आणि भरती फिरली की खडकांवरून लगेच परत या, पाणी मागून वेढा घालते, आपल्या तिकडच्या माणसाच्या ते लक्षात येत नाही.

प्रश्न : आमच्या तलावावर रात्री बाहेरची माणसं बदकांसाठी जाळी लावतात. कोणाला सांगायचं? नाव बाहेर येईल याची भीती वाटते. (नाव दिलेलं नाही)

स्वतः जाळ्याजवळ जाऊन भांडू नका. वन विभागाचा १९२६ हा हॅलो फॉरेस्ट नंबर आहे, त्यावर तलावाचं नाव, जागा आणि वेळ सांगा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा गुन्हाच आहे, मग पाखरू परदेशी असो की इथलं. जमलं तर मासेमारी सोसायटीच्या ढिवर बांधवांना सोबत घ्या, रात्री तलावावर त्यांचंच येणंजाणं असते आणि अनोळखी जाळं त्यांना लगेच ओळखू येते. मेलेल्या पाखराच्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली कडी सापडली तर तिच्यावरचा नंबर आणि अक्षरं जशीच्या तशी लिहून, फोटो काढून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) किंवा वन विभागाला कळवा, ती कडी फेकू नका.